रजिस्टरातला ‘कळवले’

साताऱ्याजवळच्या एका विद्यापीठात मी संख्याशास्त्र शिकवायचो. शेवटची काही वर्षं विभागप्रमुख होतो. निरोपाच्या भाषणात सगळे म्हणाले, सरांच्या रजिस्टरात कधी खाडाखोड सापडली नाही. खरं आहे. खाडाखोड नव्हती. एक शेरा खोटा होता.

आमच्या इमारतीसमोर विद्यार्थी कल्याण कक्षाच्या दोन खोल्या होत्या. तिथं तासगावच्या एक बाई काम करायच्या. पद माझ्यापेक्षा कितीतरी खालचं. पोरं त्यांना आक्का म्हणायची. मला सर म्हणायची, आणि एकदा सर म्हणून झालं की त्यांना पुढं बोलायला काही सुचत नसे. आक्कांच्या दारात मात्र चपलांचा ढीग. सुट्टीवरून येणारी पोरं त्यांच्या टेबलावर हुरडा, चिंचा, बेदाणे ठेवायची. मी खिडकीतून बघायचो.

आमचा शिपाई वयानं थोराड आणि जिभेनं तिखट. एकदा म्हणाला, “आवं सर, काय बघताय एवढं? पोरं तुमच्याकडं मार्कांसाठी येत्यात, तिकडं रडायला जात्यात.”

“मी काय त्यांना रडू देत नाही?”

“देताय की. रडवताय बी. पर डोळं कोण पुसणार?”

तो हसला. मला हसू आलं नाही.

पुढं आदेश निघाला, विभाग आणि कक्ष यांनी मिळून काम करावं. जो विद्यार्थी सलग आठवडाभर गैरहजर राहील, त्याच्या नावाची चिठ्ठी विभागानं कक्षाला पाठवायची आणि रजिस्टरातल्या शेवटच्या रकान्यात ‘कळवले’ असं लिहून सही करायची. त्याला शोधायचं काम बाईंचं. त्यांची रीत वेगळीच. प्रवेशाच्या वेळी त्या प्रत्येकाला विचारायच्या, “घरी नसलास तर कुठं सापडशील?” असा प्रश्न कुठल्याच अर्जात नव्हता. उत्तर त्या आपल्या वहीत उतरवून घ्यायच्या. कुणाचं आजोळ, कुणाचं बेदाण्याचं शेड. त्यामुळं चिठ्ठी गेली की दोन दिवसांत पोरगं सापडायचं. बैठकीत कुलगुरूंनी त्यांचं कौतुक केलं आणि विभागांनी यातून शिकावं, असंही म्हणाले. मी तळहात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

त्या वर्षी माझ्या वर्गात कवठे महांकाळकडची, मेंढपाळ घरातली एक मुलगी होती. विद्यापीठाजवळच्या गावात खोली घेऊन राहायची. तास संपल्यावर थांबून प्रश्न विचारणारी ती एकटीच. मी तिला विचारलं, “पुढं एम.एस्सी. करणार ना?”

“आक्कांस्नी इचारते, सर.”

संख्याशास्त्र मी शिकवायचं आणि पुढचं आयुष्य त्यांना विचारायचं! ते वाक्य मी कित्येक दिवस चघळत राहिलो.

दिवाळीनंतर ती वर्गात आली नाही. आठवडा झाला. मी रजिस्टर उघडलं. चिठ्ठी रस्त्यापलीकडं पाठवायची, एवढंच काम. पण मनात आलं, ही माझी विद्यार्थिनी. हिला मीच शोधणार. एकदा तरी पोरांनी म्हणावं, सरांनी शोधलं. रकान्यात ‘कळवले’ लिहिलं, सही केली आणि चिठ्ठी खणात ठेवली. तिच्या अर्जावरचा फोन दोनदा लावला. बंद होता. पुढं परीक्षेच्या कामात विसरलो, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. विसरलो नव्हतो. मला त्या दारात मदत मागायला जायचं नव्हतं.

परीक्षेचा अर्ज भरायची मुदत टळली. नंतर समजलं, वडिलांचा पाय मोडला म्हणून ती कळपाबरोबर कोरेगावाकडं गेली होती. आमच्यापासून तासाभराच्या आत. बाईंच्या वहीत तिच्या नावापुढं लिहिलेलंच होतं, ‘दिवाळीनंतर कोरेगाव, मेंढरांसोबत.’

चौकशी झाली. बाई म्हणाल्या, “मला कळवलंच न्हाई.” मला विचारलं तेव्हा मी ‘कळवले’ लिहिलेलं पान उघडलं. रजिस्टर पुढं सरकवलं. बाईंची बदली जुन्या उत्तरपत्रिकांच्या खोलीत झाली. मुलगी परत आली नाही.

गेल्या महिन्यात एस.टी.नं तासगावला गेलो. बाई व्हरांड्यात बेदाणे निवडत बसल्या होत्या. मी बोलायला सुरुवात करणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. “व्हय गं, जेवलीस का?” कुणीतरी जुनी विद्यार्थिनी. माफी मागायला आलेला मी, पंचाहत्तरी उलटलेला, आणि तरी आत चरचरलं. मला असा एकही फोन येत नाही.

मग सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

“चिठ्ठी आली न्हवती हे मला तुमच्याकडनं कळायचं हाय व्हय, सर?”

“मग तुम्ही...”

“माझं सोडा. ती पोरगी अजून इचारती, आक्का, समद्यांस्नी शोधलं, मलाच का न्हाई? रानात वाट बघत हुते म्हणती. मी सांगितलं तर तिला वाटतं, आक्का अंग झटकतीया.”

“मी तिला फोन करतो.”

“फोन नको. शेरा लेखी हुता न्हवं? मग दुरुस्तीबी लेखीच करा.”

म्हणून हे लिहिलं. पहिली प्रत तुला पाठवतो आहे, मुली. तुझ्या नावापुढचा ‘कळवले’ माझ्या हातचा आहे. आक्कांना मी कळवलं नव्हतं.