पिंपातल्या अळ्या

आज सकाळी जे घडलं, ते ग्रुपवर तुम्हा सगळ्यांना सांगतेय.

पुराचं पाणी पाणीपुरवठ्याच्या पंपांत शिरलं आणि आमच्या शुक्रवार पेठेतले नळ बंद झाले. तेव्हापासून घराघरांत पिंपं भरून ठेवलेली आहेत. शेजारच्या सुनंदावहिनींची मुलगी डेंग्यूने दवाखान्यात आहे. दवाखान्यात न्यायचा तिचा डबा घ्यायला गेले, तर वहिनी पिंपातलं पाणी लुगड्याच्या फडक्यातून गाळत होत्या. फडक्यावर अळ्या वळवळत होत्या. थेंबही वाया जाऊ नये म्हणून वहिनींनी ते फडकं परत त्याच पिंपात खळबळलं!

मी म्हटलं, "वहिनी, ओतून द्या ते. यातूनच डेंग्यूचे डास होतात."

"डास त्या गटारातनं येत्यात. हे चांगलं पाणी हाय की!"

"त्या डासांना असलंच साठवलेलं, स्वच्छ पाणी लागतं."

"बरं, ओतते. मग धाकट्याला काय पाजू ताई, तुमचं भाषण? तुमच्या टाकीतलं द्या की दोन घागरी."

 माझ्या मनात आधी आलं, आपल्याला पुरेल का? अळ्यांची आली नव्हती इतकी किळस मला त्या विचाराची आली.

पाणी नेऊन दिलं. मग दोघींनी पिंप रस्त्यावर पालथं केलं आणि आतून खसाखसा घासलं, कारण अंडी कडेला चिकटून राहतात.

या ग्रुपवर आपण सगळेच 'साठवलेलं पाणी ओतून द्या' असे मेसेज पाठवतोय. ओतल्यावर शेजाऱ्याने प्यायचं काय, हे कुणी विचारलंय का?