पितळी पट्टीवरचा मोर

जानेफळकडची ती फिर्याद मी विसरलेलो नाही. परवा एका मासिकात हंगेरीतल्या जुन्या थडग्यांत सापडलेल्या घोड्यांच्या साजाची चित्रे पाहिली. चांदीवर उठवलेली पाने, पक्षी. पाहताच ते प्रकरण ताजे झाले.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मी ठाणेदार होतो. पोळा तीन दिवसांवर आला होता. एका गावच्या पाटलांनी फिर्याद दिली : मानाच्या बैलाच्या कपाळावरची पितळी पट्टी चोरीस गेली. लांबी सात इंच, वर सूर्य, खाली उजवीकडे तोंड केलेला मोर.

दुसऱ्या दिवशी खबऱ्याने चिखलीतले दुकान दाखवले. पितळेवर नक्षी उठवणारे एक म्हातारे मुसलमान कारागीर तिथे बसत. सगळे त्यांना चाचा म्हणत. पट्टी पंचांसमक्ष जप्त केली, चाचांना ठाण्यात आणले.

"ही कोणाची?" मी विचारले.

"म्याच बनोली, साहेब."

"कोणासाठी?"

"ते नाही सांगत. जबान देल्ली हाय."

जमादार डाफरला, "काऊन बे बुढ्या, पोळा कोठडीत कराचा हाय काय?"

"करीन," चाचा म्हणाले.

मुद्देमाल मी पुन्हा मोजला. लांबी बरोबर सात इंच. पण दोरीची चारही भोके अगदी गोल होती. वापरातली असती तर दोरीने झिजून लांबट झाली असती. सूर्याच्या जागी चंद्र होता आणि मोराचे तोंड डावीकडे. जुवाखाली दोन बैल उभे केले, तर हे दोन मोर एकमेकांकडे पाहणार! माल चोरीचा नव्हता, जोडीचा होता.

पाटलांना विचारले, "घरात चौकशी केली होती?"

"बाईले काय विचाराचं, साहेब!"

त्यांच्या घरी गेलो. पाटलीणबाईंनी ज्वारीच्या कणगीतून जुनी पट्टी काढली आणि हसू लागल्या. "नमुन्याले धाडली होती, परवा वापस आली. दुसऱ्या बैलाचं कपाळ कव्हाचं उघडं हाय. पोळ्यालेच दाखवणार होती म्या. ह्यायनं तं ठाणंच गाठलं!" चाचा कोठडीत आहेत हे कळताच त्यांचे हसू मावळले. "आधी त्यायले सोडा, साहेब."

लगेच सोडले.

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली दोन्ही पट्ट्या चाचांनीच बांधल्या, आणि पाटलांनी साऱ्या गावासमोर त्यांना हात जोडले. मी म्हणालो, "चाचा, एक शब्द बोलला असता तर सुटला असता."

"अन् बाईची मजा गेली असती ना!"

घरात विचारलेत का, हा प्रश्न मी पाटलांना फिर्याद लिहितानाच करायला हवा होता. पुढच्या नोकरीत चोरीच्या प्रत्येक फिर्यादीत तोच आधी विचारला, आणि गप्प बसणाऱ्याला लगेच गुन्हेगार धरणे सोडले.