माळावरचे पाव्हणे

आमच्या माळावर दिवसभर फिरलं की पँटीला कुसळं चिकटतात. घरी बसून उपटली तरी चार राहतात आणि भलत्या वेळी टोचतात. किस्स्यांचंही तसंच आहे. लांडगे आल्यापासून तर इतके साठलेत की कुणाला सांगितले नाहीत तर मला चैन पडायची नाही!

जिंतूरच्या बाजूला वनखात्याचा राखीव माळ आहे. तिथे माझा थोरला भाऊ भीमा, म्हणजे माझा दादा, लक्ष्मीमावशी आणि मी रोजंदारीवर. आमच्या वर गार्डसाहेब. आजोबांच्या काळी या माळावर लांडगे होते, पुढे संपले. गेल्या वर्षी खात्याने एक जोडी आणून सोडली. मोठ्या साहेबांनी तेव्हाच बजावलं होतं, की येत्या थंडीत पिल्लं दिसली तर जोडी इथे राहील, नाहीतर दुसरीकडे हलवू.

"पिल्लं मी दावतो, साहेब," दादा म्हणाला होता.

दादा भादव्यात गेला. देवगाव फाट्यावर गाडी घसरली. यापुढे मला त्याबद्दल लिहिता येत नाही. त्याचे किस्से मात्र येतात.

*

जोडी सोडायच्या दिवशी पिंजऱ्याची दारं उघडली. नर बाणासारखा सुटला. मादी काही बाहेर येईना. तासभर आम्ही जीपमागे दबून बसलो. मोठ्या साहेबांना डुलकी लागली. गार्डसाहेब म्हणाले, पिंजरा हलवून बघू.

दादा हळूच म्हणाला, "राहू द्या. नवी नवरी हाय, उंबऱ्यात थांबणारच."

तेवढ्यात ती निघाली. साहेब जागे होऊन विचारायला लागले, काय झालं. दादा म्हणाला, "माप ओलांडलं, साहेब!"

*

माळावर लांडग्याचं नाव घ्यायचं नाही, पाव्हणा म्हणायचं, हा दादाचा नियम. जुनी माणसंही नाव घेत नसत. एकदा दादाने गार्डसाहेबांना फोन लावला. ते अंघोळीला, फोन त्यांच्या घरच्या वैनींनी घेतला. हा गडबडीत बोलून गेला, की दोन्ही पाव्हणे ओढ्याकडे आलेत, पोट खपाटीला गेलंय बिचाऱ्यांचं.

वैनी मराठवाड्याच्या. पाव्हणा उपाशी कसा ठेवतील? दोन तासांनी गार्डसाहेब डबा घेऊन हजर. धपाटे, शेंगाची चटणी, वर दह्याची बरणी. पाव्हणे कोण आहेत, ते त्यांनाही माहीत नव्हतं!

दादाने मांडी घालून सगळं संपवलं आणि निरोप धाडला, "वैनी, पाव्हणे म्हणायलेत, मीठ जरा कमी पडलं."

*

लक्ष्मीमावशीचं शेत माळाला लागून. दरवर्षी रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप तुरीत बसायचा आणि शेंडे खाऊन उठायचा. तिचा नवरा मचाणावर राखणीला जायचा आणि झोपून यायचा. त्या साली रोही आले, पण टिकले नाहीत. कान टवकारून दोन घास खायचे की पळायचे. तूर छातीला लागली.

मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "नवऱ्यानं राखली न्हाई ती तूर लांडग्यानं राखली."

दादाने टोकलं, "नाव घेऊ नको मावशी. पाव्हण्यानं म्हण."

"पाव्हण्यानं राखली म्हणू? गाव काय म्हणंल रे?"

*

ओढ्याकाठी आम्ही तीनदा रोपं लावली होती. तिन्ही वेळा रोह्यांनी साफ केली. खड्डे खणून माझे हात सोलले होते. लांडगे आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात तिथे आपोआप बोरी फुटल्या, मारवेल गवत गुडघ्याला आलं, त्यात तितर बोलायला लागले. मी तर नाचायचाच बाकी होतो!

साहेब पाहणीला आले आणि खूश होऊन विचारलं, ही लागवड कोणी केली? गार्डसाहेब खरं बोलणारा माणूस, दादाकडे बघायला लागले. दादा म्हणाला, "पाव्हण्यांनी. रोह्यांना इथं बसूच देत न्हाईत. भीतीचं कुंपण हाय साहेब, तार लागत न्हाई."

मी चौथीत शाळा सोडली. पण साहेबांनी नंतर अर्धा तास जे समजावलं, ते दादा आधीच बोलून गेला होता.

*

हा किस्सा माझ्या लाजेचा आहे. दादा जाऊन तीन महिने झाले होते. ज्ञानबामामा हे माळाच्या कडेने मेंढरं चारणारे धनगर. एका सकाळी ते काठी आपटत आले आणि म्हणाले, कोकरू गेलं. मला वाटलं, आता हा मेलेल्या कोकरात विष घालून लांडगे मारणार. मी पुढचं ऐकलंच नाही. सरळ त्यांची काठी धरली आणि ओढाताण सुरू केली.

मामांनी काठी सोडून दिली. "मार. पर तुझा भाऊ असता तर आधी पाणी इचारलं असतं."

मी पाणी आणलं. पळत आणताना निम्मं सांडलं. मामा प्याले आणि मग बोलले. पूर्वी मोकाट कुत्री सालाला आठ-दहा कोकरं फाडायची, लांडग्यांनी ती पळवून लावली. त्यामानाने एक गेलं. ते भांडायला आलेच नव्हते. सांगायला आले होते, की मादीच्या आचळांत दूध उतरलंय.

मी त्यांना तशीच मिठी मारली. काठी मधे आली, बरगडीला लागली.

*

थंडी सरत आली. साहेब शेवटच्या पाहणीला आले. जोडी न्यायची गाडी दुसऱ्याच दिवशी येणार होती. सकाळी ओढ्याच्या अलीकडे आम्ही पाचजण पालथे पडलो. साहेब, गार्डसाहेब, मावशी, मामा आणि मी. समोरच्या दरडीत बीळ. ऊन वर आलं. काही नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं.

आणि बिळातून एक कान बाहेर आला. मग एक पिल्लू. मग त्याच्या अंगावर पडत दुसरं. तिसरं. चौथं! मावशीने पदर तोंडात कोंबला.

साहेबांनी वही काढली. तारीख लिहिली, जागा लिहिली, चार पिल्लं लिहिली. मग विचारलं, "आधी कोणी बघितली?"

मी म्हणालो, "भीमानं."

पेन थांबलं. साहेब दादाच्या दहाव्याला आले होते. मग त्यांनी सावकाश नाव लिहिलं आणि वही तशीच उघडी धरून हळू आवाजात म्हणाले, "सही लागते इथं."

मी सांगितलं, दादाला सही येत नव्हती, तो अंगठा लावायचा.

ज्ञानबामामांनी अंगठा धोतराला पुसला आणि पुढे केला. म्हणाले, "शाई द्या इकडं."

मामांना सही येते. चांगली ठसठशीत येते.