शिवणवर्गाने काय बदललं?

कुसुमताई गेल्याचं मला हंसाबेनने फोनवर सांगितलं. मी तेव्हा बाहेरगावी होते. आता दुःख जरा निवलंय, राग मात्र तसाच आहे.

बडोद्याच्या नागरवाड्यातल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत ताई बायकांना शिवण शिकवत. मी त्यांची शेजारीण, काजं-बटणं माझ्याकडे. नवऱ्याच्या माराचे वळ पदराखाली झाकत आलेली हंसाबेन त्याच खोलीत मान वर करून बोलायला शिकली. आज घडियाळी पोळच्या गल्लीत तिचं स्वतःचं ब्लाउजचं दुकान आहे. वर्ग चालायचा एका ट्रस्टच्या मदतीवर. या वर्गामुळे वस्तीत नेमका काय बदल झाला हे तपासायला ट्रस्टने विद्यापीठातले अभ्यासक पाठवले. पुढची मदत त्यांच्या अहवालावर ठरणार होती.

ताईंना कोण आनंद! त्यांनी सगळ्यांसाठी पोहे केले. अभ्यासक गोड बोलणारे होते, चपला बाहेर काढून सतरंजीवर बसले. "वर्गामुळे तुमचं आयुष्य सुधारलं का?" त्यांनी हंसाबेनला विचारलं. ती पदर सावरत म्हणाली, "चाले छे." बाकीच्याही तेच म्हणाल्या, चाललंय आपलं कसंबसं. परक्यासमोर आपलं छान चाललंय म्हणायचं नाही, नजर लागते, हे बडोद्यात शेंबड्या पोरालाही कळतं. या विद्वानांना कळू नये? आणि ताई तरी काय! "मी कुठे काय केलंय? त्यांच्या त्या शिकल्या," म्हणून मोकळ्या झाल्या.

अहवाल आला : उल्लेखनीय बदल आढळला नाही.

"ताई, त्यांना फोन करून खरं काय ते सांगा," मी चिडून म्हटलं.

"आपल्याच तोंडाने आपलं कौतुक? नको गं..."

मदत थांबली, वर्ग बंद पडला. ताई त्या रिकाम्या खोलीत नुसत्या बसून राहायच्या. जेवलात का विचारलं तर आठवावं लागायचं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. मला विचाराल तर त्यांना त्या एका वाक्याने मारलं.

शोकसभेत त्याच अभ्यासकांचे प्रमुख भाषणाला उभे राहिले. ताईंनी कितीतरी आयुष्यं बदलली म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेव्हा कुठे गेली होती ही अक्कल?

ताईंचं शिलाई मशीन आता हंसाबेनच्या दुकानात आहे. ती त्यावर कुणालाही बसू देत नाही, रोज पुसून तेल घालते. परवा मी सहज विचारलं, "कसं चाललंय गं?" तिने दाराबाहेर पाहिलं. कुणी नव्हतं. मग मशीनवर हात ठेवून अगदी हळू म्हणाली, "बहु सरस चाले छे, बेन... ताईंमुळे."