चिंध्या बांधलेली कणसं

गेवराई मागे पडली आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेचून झालेल्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) सुरू झाल्या. शेतीविकासाची सल्लागार म्हणून देशोदेशी हिंडणं हा माझा धंदा. इथिओपियातली, मालीतली खेडी मला पाठ आहेत. पण जन्माने पुणेकर असून बीड जिल्ह्यात मी पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते, आणि तेही एका परदेशी संस्थेने खर्च केला म्हणून. ज्वारीची जुनी वाणं अजून कोण पेरतं ते पाहायचं आणि मूठभर बी आणायचं, एवढंच काम. आई असती तर पोट धरून हसली असती.

चकलांब्यात, ज्याच्याकडे जुनी ज्वारी असल्याचं कळलं होतं तो शेतकरी, दिगंबर, वेशीपाशीच उभा होता. त्याचं रान कपाशीचं आणि उसाचं, पण त्याच्या आईने, गयाबाईंनी, विहिरीकडेला गूळभेंडीची (हुरड्याची गोड ज्वारी) एक पट्टी राखली होती. घरी चहा झाला, शेजाऱ्यांकडे दुसरा झाला, तेव्हा कुठे आम्ही रानात पोचलो.

दिगंबरने आगटी (गोवऱ्यांचा विस्तव) पेटवून ठेवली होती. कणीस भाजायचं, तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची आणि हिरवे गरम दाणे माझ्या ओंजळीत ओतायचे, असा त्याचा सपाटा चालला. सोबत लसणाची चटणी आणि घट्ट दही. खाण्याच्या बाबतीत मी मुळीच संकोची नाही, त्यामुळे आडवा हात मारला.

तेवढ्यात डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन गयाबाई आल्या. आगटीशेजारी लुगड्याच्या चिंध्यांचा छोटा ढीग पडला होता. तो बघून त्यांनी पेंढी खाली टाकली.

"ही कावून तोडली रं?"

पेरणीला उशीर झाला होता, एवढीशी पट्टी, पाखरं ती फस्त करत होती. म्हणून चांगली चांगली कणसं निवडून गयाबाईंनी त्यांना चिंध्या बांधल्या होत्या, बियाण्यासाठी. मागचं बी सगळं पेरलेलं. म्हणजे मी चटणीबरोबर जे हाणत होते ते या घरातलं शेवटचं बियाणं होतं. बी राखा, बी राखा म्हणून निम्म्या आफ्रिकेत घसा कोरडा करून आलेली मी!

दिगंबरला ठाऊक नव्हतं असं नाही. तो म्हणाला, "दुसरं काय ऱ्हायलंय तितं? पाव्हनं एवढ्या लांबून आलं, त्येंच्या म्होरं मोकळी ताटली ठिवू का?"

गयाबाई आगटीपाशी बसल्या. मग विस्तवातलं उरलेलं एक कणीस त्यांनी स्वतः उचललं, चोळलं आणि माझ्या हातावर दाणे ठेवले. "खावा ताई. गार झाल्यावर गोडी न्हाई ऱ्हात."

डोळे भरून आले आणि मी ते लपवलेही नाहीत.

"मंदीकडं आसंल ह्ये बी," गयाबाई मुलाकडे न बघता म्हणाल्या. "लग्नात तिच्या वटीत हेच घातलं व्हतं." मंदा ही त्यांची लेक, धर्मापुरीला दिलेली. तिचं नाव निघताच दिगंबर मोटार चालू करायला विहिरीकडे निघून गेला. हक्कसोडपत्रावर (वडिलांच्या जमिनीतला वाटा सोडल्याचा कागद) मंदाने सही केली नव्हती. तेव्हापासून दिगंबर मुराळी (सासरी असलेल्या बहिणीला माहेरी आणणारा भाऊ) म्हणून गेला नव्हता. ना पंचमीला, ना दिवाळीला.

"बी मिळालं न्हाई, तर पट्टीत बी ऊसच लावनार हाय त्यो," गयाबाई म्हणाल्या.

धर्मापुरी परळी तालुक्यात, आणि तिकडे मला पुढे जायचंच होतं. बी घेऊन येते असं मी कबूल केलं.

माजलगावच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकली. आधी चिडचिड केली, मग खाली उतरून एका खानावळीत भाकरी आणि येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आमटी जेवले. मी कुठे कुठे हिंडते ते कळल्यावर मालकाने चौकशी केली, "आफ्रिकेत भाकर मिळती का?"

"मिळते, पण आंबट असते."

"मंग लई हाल झाले आसतील तुमचे," म्हणून त्याने आणखी आमटी वाढली.

धर्मापुरीचं जुनं देऊळ बाहेरून सगळं कोरीव आहे. त्याच्या मागच्या गल्लीत मंदाचं किराणा दुकान. साखर तोलता तोलता तिने सगळं ऐकलं, आत जाऊन राखेत ठेवलेल्या बियाण्याचं गाडगं आणलं आणि माझी मूठ भरून दिली.

"ही तुमच्या कामाची. आईचं बी मात्र न्हाई देनार."

"कावून?" माझ्याही तोंडून निघून गेलं.

"वटीतलं बी परक्याच्या गाडीतनं कसं धाडू? दादाला म्हनावं, मुराळी होऊन ये. मी सोता घेऊन येती."

"आणि सही?" हे विचारायचा मला काही अधिकार नव्हता.

"सही न्हाई करनार," ती शांतपणे म्हणाली. "रान माजं बी हाय, आन भाऊ बी माजाच हाय."

देवळाच्या पायरीवरून मी दिगंबरला फोन केला आणि शब्द न् शब्द सांगितला. "बरं," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.

मुक्काम अंबाजोगाईला झाला. सकाळी परत निघाले तेव्हा माझं मूठभर बी माझ्याजवळ होतं, काम फत्ते होतं, पण मन लागत नव्हतं. बी कुणाकडे आहे, कशात ठेवतात, किती वर्षं टिकतं, हे आम्ही देशोदेशी विचारत फिरतो. त्या माणसांचं एकमेकांशी बोलणं आहे का, हे कुणी विचारत नाही.

माजलगावच्या स्टँडसमोर गाडी चहाला थांबली, आणि समोर दिगंबर. इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी, पिशवीत नवं लुगडं. मला बघून तो ओशाळला, पण जवळ आला.

"मॅडम, ती काय म्हनली ते परत सांगा की."

मी पहिल्यापासून सांगितलं. तो खाली बघून ऐकत होता.

"सही न्हाई म्हनली."

"नाही म्हणाली."

"आन मला काय म्हनली? दिगंबर म्हनली का दादा?"

"दादा."

त्याने मान फिरवली. परळीची गाडी लागली होती, तो धावतच चढला.

गेवराई येईपर्यंत मी सारखी घड्याळ बघत होते. परळीची गाडी आता कुठवर पोचली असेल, एवढंच डोक्यात होतं.