आठशे मीटर आणि एक मिटलेली खुर्ची

जिना चढून आमच्या दारात आल्या की त्या दोन्ही हात कमरेवर ठेवायच्या आणि बूट काढायच्या आधीच म्हणायच्या, "बघा, कोसळले नाही!" गाडीतून तांदळाचं पोतं आणलं तरी तेच, पंधरा जणांच्या पुरणपोळ्या लाटल्या तरी तेच. मला वाटलं, बाईंना चक्करबिक्कर येण्याचा त्रास असावा. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधल्या आम्हा सगळ्या मराठी घरांच्या त्या मावशी. मुलीकडे कायमच्या राहायला आलेल्या. अमरावतीच्या शाळेत आयुष्यभर पीटी शिकवलेली आणि शिट्टी अजून गळ्यात. वय एकाहत्तर. आम्हा आयटीवाल्यांपैकी कुणी पोक काढून बसलेला दिसला की पाठीत थाप बसायची. खूप लागायची.

रविवारच्या मराठी शाळेत त्यांना मुळाक्षरांचा वर्ग दिला होता. 'ध'पर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग 'धावणे' आलं आणि मावशी मुलांना घेऊन थेट पॅरिसला पोचल्या.

"पहिलं महायुद्ध संपलं. ऑलिंपिक पुन्हा सुरू झालं. पण मैदानात पळायचं, उड्या मारायच्या, तर बायकांना दार बंद. मग काय केलं त्यांनी?"

"दे प्रोटेस्टेड?" माझी मुलगी ईरा म्हणाली.

"अगं, त्यांनी पॅरिसात स्वतःचंच ऑलिंपिक भरवलं! नावसुद्धा तेच ठेवलं. मोठे लोक चिडले, म्हणाले नाव सोडा. बायका म्हणाल्या, सोडतो, पण आमच्या शर्यती तुमच्या ऑलिंपिकात घ्या. नाव दिलं आणि मैदान घेतलं!"

पुढचं सांगताना मात्र त्यांचा आवाज चढायचा. अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकात बायका आठशे मीटर पळाल्या. अंतिम शर्यतीतली प्रत्येक जण शेवटच्या रेषेपर्यंत पोचली. तरी वर्तमानपत्रांनी छापलं की बायका धडाधड कोसळल्या, हे त्यांना झेपणारं नाही. ती शर्यत बंद झाली, ती बत्तीस वर्षं. "दमल्यावर पुरुषही आडवे होतात. त्यांची शर्यत कुणी बंद केली?" असं त्या मला विचारायच्या, जणू ते वर्तमानपत्र मीच छापलं होतं.

तसा मी अगदी निर्दोषही नव्हतो. आमच्या मंडळाच्या उन्हाळी पिकनिकमध्ये पुरुषांना क्रिकेट, रिले आणि रस्सीखेच असायची. बायकांना लिंबू-चमचा, तोही जेवणं वाढून झाल्यावर वेळ उरला तर. मी सेक्रेटरी होतो आणि हा कार्यक्रम दर वर्षी मीच कॉपी-पेस्ट करत होतो.

त्या वर्षी मीटिंगमध्ये मावशी उभ्या राहिल्या. "बायकांची आठशे मीटर पाहिजे."

"मावशी, जुलैची ह्युमिडिटी आहे," अध्यक्ष म्हणाले. "कुणी पडलं तर?"

"काहून पडेल?"

बराच वाद झाला. शेवटी अध्यक्षांनी अट घातली. एक जरी बाई पडली किंवा मधेच बसली, तर शर्यत कायमची बंद आणि पुन्हा लिंबू-चमचा. मावशी म्हणाल्या, "मंजूर."

मग रोज संध्याकाळी बायका पार्कात जमू लागल्या. माझी बायको मेधा ऑफिसमधून आली की बूट बदलून पसार व्हायची. पोळ्या मी करत होतो. कोसळल्या म्हणाव्यात तर त्या पोळ्याच.

पिकनिकच्या दिवशी दहा बायका रेषेवर उभ्या राहिल्या. शेवटच्या रेषेपाशी मी अकरा घडीच्या खुर्च्या उघडून मांडल्या होत्या, एक मावशींसाठी. शपथेवर सांगतो, काळजीपोटी. मावशींनी खुर्च्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, शिट्टी वाजवली आणि सगळ्यांच्या मागून स्वतःच पळायला लागल्या!

आम्ही नवरेही पाण्याच्या बाटल्या घेऊन कडेकडेने धावत सुटलो. "मेधा, स्लो डाऊन कर!" मी ओरडलो. "तू बाजूला हो!" ती म्हणाली. दोन फेऱ्या पुऱ्या करून एकेक करत दहाही जणी पोचल्या. चेहरे लालबुंद, पण खुर्चीला कुणी शिवलं नाही.

राहिल्या मावशी. दुसरी फेरी अर्धी उरलेली. लांबच्या वळणावर त्या थांबल्या, वाकल्या आणि खाली गेल्या. अध्यक्षांनी डोळे मिटले. मेधाने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

मावशी बुटाची नाडी बांधत होत्या.

त्या उठल्या आणि पुन्हा पळू लागल्या, तेव्हा जो ओरडा झाला तो मी विसरणार नाही. टाळ्या वाजवत दहाही जणी त्यांना आणायला गेल्या. रेषा ओलांडून मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी धावत जाऊन खुर्ची पुढे केली. त्यांना बोलायलाही दम नव्हता. त्यांनी ती खुर्ची मिटली, झाडाला टेकवली आणि मग म्हणाल्या, "दम तुलाच लागलाय. तिकडे जाऊन बस, सगळे बसलेत."

मी वळून पाहिलं. उरलेल्या खुर्च्यांवर आम्ही धावलेले नवरे धापा टाकत पसरले होते आणि मधोमध अध्यक्ष. अकराही जणी उभ्या होत्या. मला रडू आलं आणि मी ते घामात खपवलं.

मागच्या हिवाळ्यात मावशी अमरावतीला गेल्या, भाचीच्या लग्नाला, आणि तिथेच गेल्या. झोपेत. बातमी आली तेव्हा मेधा बूट बांधत होती. ती तशीच बाहेर पडली आणि दोन फेऱ्या मारून आली.

यंदाच्या शर्यतीत ईराही होती. शेवटच्या रेषेपाशी आता एकच खुर्ची असते, मिटलेली, झाडाला टेकवलेली. कमिटीत नव्याने आलेल्या एका भल्या माणसाने काळजीपोटी ती उघडायला घेतली. तोंडं घामाने निथळत असलेल्या सगळ्या जणी एकदम वळल्या आणि सगळ्यांत मोठ्याने माझी मुलगी ओरडली, चक्क मराठीत, "काका, ठेवा ती! कोणी कोसळलं नाही!"