पुकारेभावजींची बचत

पुकारेभावजींना हळू बोलता येत नसे. देवानं त्यांच्या गळ्यात आवाज बसवला आणि तो कमी-जास्त करायचं बटण बसवायला विसरला, असं आमच्या गल्लीत म्हणत. एकदा समोरच्या घरी म्हातारं गेलं. सगळे गप बसलेले. भावजी आले, मांडी घालून बसले आणि आमच्या ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी विचारलं, "म्हातारं शेवटपत्तोर पीतच हुतं व्हय?" ते त्यांचं कुजबुजणं. आतून म्हातारी रडायची थांबली आणि म्हणाली, "न्हाई ओ भावजी, चतुर्थीपास्नं सोडलीती." बाहेर बसलेल्या माणसांनी टॉवेल तोंडाला लावले, ते रडण्यासाठी नव्हे.

तुमच्याही गावात असा एखादा असेलच. रिक्षाच्या टपावर दोन कर्णे बांधायचे, मागच्या सीटवर आवाज वाढवायचं मशीन मांडीशी घेऊन बसायचं आणि माईक तोंडाला लावून गावभर फिरायचं. साड्यांचा सेल, टॉकीजला लागलेला नवा पिक्चर, सर्कस, निवडणूक, तालमीच्या फुटबॉलच्या मॅची, सगळ्याचा पुकारा हेच करायचे. त्यांचं खरं आडनाव रेशनकार्डावर होतं तेवढंच. शेजारी म्हणून मी त्यांना भावजी म्हणायची, गल्ली पुकारे म्हणायची, दोन्ही मिळून पुकारेभावजी झाले. त्यांच्या आमच्या घरात एक भिंत. त्यांच्या घरात काय भाजी आहे ते मला भिंतीतून कळायचं, आणि त्यांची बायको शांता माझी जिवाची मैत्रीण, म्हणून ती वाटीतूनही यायची.

पुकारा कसा करावा ते त्यांच्याकडून शिकावं. पलीकडच्या गल्लीतल्या गवळ्याची म्हैस एकदा सुटून गेली. त्याला पुकारा परवडेना. भावजींनी साडीच्या सेलच्या मध्येच तिला घेतली. "रंगानं काळी, नाकीडोळी नीटस, कपाळाला चांदवा, स्वभावानं मानी. घरात बोलाचाली झाल्यामुळं रागानं निघून गेली आहे. मालक जेवलेला नाही." म्हैस रंकाळ्याच्या बाजूला सापडली. आणून देणाऱ्या माणसानं गवळ्याला वर दम भरला म्हणे, पुन्हा तिला बोलू नका.

"माझं दुकान तोंडात हाय, वैनी," असं ते म्हणायचे. "शटर वर केलं की धंदा सुरू."

पण त्या दुकानात धूर फार. सकाळी दात घासायच्या आधी एक, चहाबरोबर एक, आणि मग प्रत्येक चौकात माईक बंद करून एक. संध्याकाळपर्यंत आवाजाला खरखर यायची. शांताचं दुःख आवाजाचं नव्हतं, पैशाचं होतं. मशीन आणि कर्णे मांडववाल्याकडून रोजच्या भाड्यानं आणायला लागायचे. भाडं गेलं, रिक्षावाल्याचे गेले, सिगारेटी गेल्या की घरात काय यायचं ते शांतालाच ठाऊक. "स्वतःचं मशीन झालं असतं गं आत्तापत्तोर," ती म्हणायची, "धुरावाटं गेलं. तू सांग त्यास्नी. तुझं ऐकतील."

माझं ऐकतील, हे मला तेव्हा किती गोड लागलं होतं.

नव्वद सालानंतर दोन-चार वर्षांतली ती गोष्ट असेल. मागच्या दारी मी मिश्री भाजत बसले होते. माझं माहेर निपाणीकडचं. तिकडं तंबाखूच्या वखारीच्या वासातच पोर जन्माला येतं. तव्यावर तंबाखू करपवायची, कुटायची, आणि सकाळी बोटानं दातांवर फिरवायची; आजी, आई, मावशा सगळ्या लावायच्या. त्याला आम्ही व्यसन कधी म्हटलंच नाही. ती दात घासायची पूड होती. व्यसन म्हणजे बाप्यांची दारू आणि बाप्यांचा धूर.

भावजी शिंकत आले. मी विषय काढला. ते म्हणाले, "तुमी तंबाखू भाजून दाताला लावताय, मी भाजून वडतोय. फरक काय पडला, वैनी?"

"लई पडला," मी म्हणाले. "धूर घशात उतरतोय, भावजी. तुमचा धंदा घशावर. तोंडातली तंबाखू थुकून टाकता येती, धूर कसा थुकणार? आमच्यातल्या म्हाताऱ्या बगा, जन्मभर मिश्री लावून ऊस खात्यात. धूर सोडा. लईच तलफ आली तर चिमूटभर दाढंखाली धरा. स्वस्तात बी पडतंय की."

हे मी बोलले. कोणी शिकवलं नव्हतं, वाचलंही नव्हतं. मला ते जेवणात मीठ लागतं तितकं खरं वाटत होतं. आणि शांता तेव्हा घरात नव्हती, दळण आणायला गेली होती.

भावजींनी मनावर घेतलं. सिगारेट सोडली ती सोडलीच. सुटणार नाही म्हणून गल्लीनं पैजा लावल्या होत्या, त्या सगळ्या गल्ली हरली. आमच्या बायकांची भिशी माझ्याकडं असायची. भावजी रोज संध्याकाळी सिगारेटीचे पैसे माझ्या हातावर ठेवायचे आणि त्यांच्या त्या आवाजात सांगायचे, "आजचा धूर जमा करा." दोन वर्षांत भिशी उचलून त्यांनी स्वतःचं मशीन घेतलं, कर्णे घेतले. नारळ फोडला, मशीनला हळदकुंकू लावलं, आणि पहिला पुकारा गल्लीतच केला. "ह्या मशीनची उभारणी धुराच्या पैशातून झालेली आहे हो. श्रेय, शेजारच्या वैनी." सगळ्या बायका दारात आल्या. शांतानं मला मिठी मारली. मी पदर सावरत उभी राहिले. तेव्हा मी किती फुलले होते ते आठवलं की आजही जीव कानकोंडा होतो.

शांताला वाटलं, नवऱ्याची सिगारेट सुटली. सुटलीच होती. तिच्या जागी काय आलं ते तिला उशिरा कळलं, आणि कुणी आणलं ते तर कळलंच नाही. चिमटीतली तंबाखू काही दिवसच टिकली. मग टपरीवर मावा सुरू झाला होता, सुपारी, तंबाखू, चुना कागदात घोटून दिलेला, तो आला. शांता म्हणायची, "स्टॉपवरच्या रिक्षावाल्यांनी नाद लावला." मी म्हणायची, "व्हय गं, वाईटच संगत."

एक गोष्ट मला तेव्हा समजली नाही. सिगारेट ओढायची तर भावजींना माईक बंद करायला लागायचा. धूर आणि पुकारा एका तोंडात मावत नव्हते. म्हणून चौक ते चौक तोंड तरी सुटं असायचं. माव्याला तशी गरज नव्हती. गालात धरला की पुकाराही चालू आणि मावाही चालू. सकाळी भरलेला गाल जेवणाला रिकामा व्हायचा, हात धुतला की पुन्हा भरायचा. बचत कुठवर राहणार? भिशीचे पैसे आधी एक दिवसाआड झाले. मग भावजी दारात येऊन म्हणाले, "ह्या म्हैन्याला जरा सांभाळून घ्या, वैनी." आणि हे एकच वाक्य ते खरोखर हळू बोलले. मी सांभाळून घेतलं. विचारलं मात्र नाही की पैसे कुठं जातात. विचारलं असतं तर उत्तर माझ्याच दाराशी आलं असतं.

पुढं त्यांना तिखट लागायला लागलं. कोल्हापुरात माणसाला तिखट लागायला लागलं म्हणजे घरात काहीतरी बिघडलं हे समजावं. ज्या माणसानं तांबडा रस्सा वाटीनं नव्हे तांब्यानं प्यायला, तो पंगतीत म्हणायला लागला, "मला पांढराच वाढा." मग भाकरी कुस्करून दुधात. शांता म्हणाली, तोंड आलंय. मी म्हणाले, उष्णता असेल. मी त्यांना सब्जा दिला, गुलकंद दिला, दहीभात करून मागच्या दारच्या भिंतीवरून पाठवला. मला काही दिसत नव्हतं असं म्हणायला मला आवडेल. पण ते बोलताना ओठ एकमेकांपासून पूर्वीसारखे लांब जात नव्हते हे मी पाहिलं होतं. लाडू ते फोडून खायचे. मी पाहत होते आणि गुलकंद वाढत होते.

फुटबॉलच्या मॅचीला ते गोल झाला की "गो" एवढा लांबवायचे की "ल" यायच्या आत पोरं मैदानात उतरून नाचायची. एका फायनलला गोल झाला, आणि कर्ण्यातून नुसतं "गूल" असं आलं, दाराच्या फटीतून बोलल्यासारखं. प्रेक्षकांतून कोणी ओरडलं, "पुकारे, लाडू खायलाय काय?" सगळं मैदान हसलं. भावजीही हसले. पण माईक त्यांनी शेजारच्या माणसाच्या हातात दिला आणि मॅच संपायच्या आधी चालत घरी आले. शांतानं दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्यांना तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालायला सांगितली. दोन बोटंही जाईनात. "हे आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले. भावजींनी मावा बंद केला, पुन्हा धरला, पुन्हा बंद केला. सिगारेट ज्या माणसानं एका दिवसात सोडली, त्याला हे सुटेना. गालात गाठ आली तेव्हा दोन हजार सालही मागं पडलं होतं.

मिरजेला ऑपरेशन झालं. गाल आणि जबड्याचा तुकडा काढला. दवाखान्याच्या खर्चाला मशीन विकलं का, असं मला पुष्कळांनी विचारलं. नाही विकलं. शांतानं तिच्या पाटल्या विकल्या. मशीनला हात लावू दिला नाही, म्हणाली, उद्या बोलायला लागले तर. माझी मिश्री मी त्याच आठवड्यात उकिरड्यावर टाकली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा भाजली. ती सुटायला मला पुढची कितीतरी वर्षं लागली. दुसऱ्याला सांगायला मला एक दुपार पुरली होती.

घरी आल्यावर भावजी बोलायचे, पण त्यातली अक्षरं गळून गेलेली असायची. नुसता वारा आणि सूर. शांताला कळायचं, आणि मला कळायचं. भिंतीपलीकडून इतकी वर्षं ऐकलेलं होतं, सुरावरूनच वाक्य ओळखू यायचं. कोणी भेटायला आलं आणि शांता कामात असली की मी शेजारी बसून सांगायची, भावजी असं म्हणतायत, तसं म्हणतायत. त्यांच्या थट्टाही मीच सांगायची. माझ्या तोंडून त्या कोमट वाटायच्या. एकदा ते म्हणाले, "वैनी, तुमी माझा पुकारा करताय, भाडं काय घेणार?" हेही मलाच समोरच्याला सांगायला लागलं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ते गेले. शांता लेकीकडं मुरगूडला राहायला गेली. अजून फोन करते. जुन्या गोष्टी निघतात, आणि दर वेळी ती म्हणते, "तुझ्यामुळं सिगारेट तरी सुटली बघ त्यांची. तेवढं पुण्य तुझ्या पदरात." मी रेंज नाही म्हणून फोन ठेवते.

ते जायच्या आधी, पावसाळ्यात, शांताचा भाऊ मलकापूरहून आला होता. तापट माणूस. बहिणीच्या रिकाम्या मनगटांकडं बघून त्याचा जीव जळत होता. शांता आत चहा गाळत होती. मी कॉटशेजारी बसले होते. पाव्हण्यांनी कप हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. म्हणाले, "दाजी, एवढं सांगा. ही तंबाखूची अक्कल तुमाला दिली कुणी? एकदा नाव सांगा त्याचं."

भावजींनी माझ्याकडं बघितलं नाही. छताकडं बघत ते सावकाश बोलले. मला अक्षर न् अक्षर कळलं. ते म्हणाले, "ह्या वैनीनं."

थट्टा होती का, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. त्यांच्या चेहऱ्याची जी बाजू माझ्याकडं होती ती ऑपरेशनची होती. ती हसत नव्हती आणि रागावतही नव्हती.

पाव्हण्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं, ते माझ्याकडं वळले. आतून शांता पदराला हात पुसत दारात आली आणि म्हणाली, "काय म्हणाले गं?"

मी म्हणाले, "चहा गार व्हायलाय, घ्या म्हणाले."

तेव्हा भावजींनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पांघरुणातून हात बाहेर काढला, मेव्हण्याच्या कपाकडं केला, आणि घ्या, घ्या, अशी खूण केली.